हँडलवाली गिटार

५ जानेवारी, सोम.

जिल्हा परिषदेत तीन तास बसलो. बातमी निघाली एका ओळीची. तीही छापून येईल अशी आशा नाही; खरं तर इच्छाही नाही.

दुपारी पुण्याहून एका गृहस्थांचा फोन. जुन्या गिटारी जमवतात. त्यांच्या हाती एक काळा-पांढरा फोटो लागलाय. मंडप, भोंगा, गाणारी पार्टी, आणि एका झिपऱ्या पोराच्या गळ्यात विजेवरची गिटार. मागे पेन्सिलनं 'वर्धा जिल्हा' एवढंच. गिटार जपानी, साठच्या दशकातली; हे मॉडेल लालच येई म्हणे. एका रांगेत बटणं, आणि सूर थरथरवायला खाली लोखंडी दांडा. असल्या गिटारींवर आता देशोदेशीचे शौकीन टपून असतात म्हणे. "तुम्ही तिथले वार्ताहर. तुम्हाला काय अशक्य आहे?" खुशामत ओळखता येते. तिचा परिणाम थांबवता येत नाही.

फोटो फोनवर आला. संध्याकाळपर्यंत पाच-सहा वेळा उघडला. शेवटी सौ. म्हणाली, "कोण आहे ती, दाखवा तरी."

६ जाने., मंगळ.

सकाळी मैदानावर नेहमीप्रमाणे मधुकरराव थूल. टेलिफोन खात्यातून निवृत्त. उभी नोकरी मध्य प्रदेशात, सहा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत घर बांधलं. मी संस्कृतात एम.ए., शिवाय लोकांचं बोलणं सुधारायची खोड, म्हणून मला 'शास्त्री' म्हणतात. गंमत म्हणून फोटो दाखवला.

चालता माणूस थांबला. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"हे माही गिटार हाये."

"आणि हा झिपऱ्या?"

"मीच तं."

डोक्यावर पुरावा शून्य. पण चेहरा खोटं बोलत नव्हता.

कहाणी तुकड्यातुकड्यांनी मिळाली. नागपूरजवळच्या अजनीतल्या एका रेल्वे गार्डनं ऑस्ट्रेलियाला कायमचं जाताना दिलेली गिटार. पार्टी देवाजी मास्तरांची. वडनेरकडचे शाळामास्तर, स्वतः भीमगीतं लिहायचे, चाली लावायचे, गायचे. मधुकरराव गिटारवर. लोक लांबून 'हँडलवाली गिटार' बघायला यायचे. मग नोकरी लागली, पहिलीच नेमणूक जंगलात. गिटार मास्तरांकडे ठेवून गेले.

"परत येईन तवा नेईन मनलं. त्याच्या आंधीच मास्तरनं देऊन टाकली."

"कोणाला?"

"कोनाले का असंना! देऊन टाकली ना."

पुढचे दोन फेरे ताडताड पुढेच चालले. निघताना मात्र : "मी शोधाले येनार नाई. पन सापडली तं पयले मले सांगजो. त्या पुन्यावाल्याले नाई."

८ जाने., गुरु.

चैन नाही. टेबलाशी बसतो, उठतो, खिडकीत जातो, परत बसतो. कापसाच्या भावाची बातमी अर्धवट पडून.

न्यायशास्त्रात अभावाचे चार प्रकार. गिटार मोडूनतोडून गेली असेल तर प्रध्वंसाभाव. मधुकरराव थापा मारत असतील तर अत्यंताभाव. सापडली ती दुसरीच निघाली तर अन्योन्याभाव. राहिला प्रागभाव, तो माझ्या वाट्याचा : मला गिटार वाजवता येत नाही, अजून.

हे सौ.ला ऐकवलं. म्हणाली, दळण आणायचं होतं त्याचा कुठला अभाव?

११ जाने., रवि.

हिंगणीला जाऊन आलो. बोर धरणाकडच्या एका लॉजवर भिंतीला लाल गिटार टांगलेली आहे अशी खबर होती. स्कूटरवर थंडीनं कान गळून पडायचे बाकी. गिटार आहे, लाल आहे, दांडाही आहे. प्लायवूडची! गावच्या सुतारानं करून दिलेली. तारांच्या जागी पांढऱ्या रंगाच्या रेघा.

मालक निर्मळ मनाचा. "साहेब, सफारीले आलेल्या लोकायले वाघ नाई दिसला तं परतताना काईतरी दिसलं पायजे ना. फोटो काढतात."

अन्योन्याभाव. मीही फोटो काढला.

१२ जाने., सोम.

मधुकरराव गिटारीबद्दल काही विचारत नाहीत. फक्त "हिंगणीले थंडी कशी होती?" मग "रस्ता बरा हाये का?" मग "लॉजवर काई खास?" मी म्हटलं, प्लायवूड. एकदम दोन पावलं पुढे गेले आणि तिथूनच, मागे न बघता : "आंजीले रामदास असन पाह्य. ढोलकीवाला. मेला नसन तं."

"तुम्ही चला ना."

"मी काऊन येऊ? मले का गरज पडली?"

पुणेकरांचा आज दोनदा फोन.

१५ जाने., गुरु.

आंजी (मोठी). आज जे झालं ते नीट क्रमानं लिहून ठेवतो, कारण डोकं ठिकाणावर नाही.

रामदासजी भेटले. पंच्याहत्तरीचे, अंगणात खाटेवर. तुरीचा ढीग, कोंबड्या, चहा. फोटो डोळ्यांशी नेऊन एकेकावर बोट ठेवत गेले. "हे देवाजी मास्तर. हा मी. आन हा मधू. गिटार मनजे मधू." थोडा वेळ बोट तिथेच. "चांगला पोरगा होता. जाऊन पस्तीसक वर्सं झाले असतीन."

मी विचारलं, "कुठे गेले?"

"कुठं मनजे? गेला ना बावा. बस्तरकडं खात्याची जीप दरीत गेली. सारेच गेले."

 ज्या माणसाशी मी सकाळी गुडघ्याला कुठलं तेल चांगलं यावर वाद घातला, तो पस्तीस वर्षांपूर्वी वारलेला निघाला.

सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही ही या धंद्यातली सवय, आणि रामदासजी बोलत होते.

"मास्तर येडा झाल्यावानी झालता. सोताचा पोरगा गेला असं. घरच्या लोकायचा पत्ता नाई. माय भुसावळले भावाकडं गेलती मनत. मंग मास्तरनंच गावात मधूचं पुन्यानुमोदन केलं. साऱ्या पार्टीले बलावलं, भिक्खू आनले, गाव जेवू घातलं. आन मधूची गिटार मधूच्याच नावानं विहाराले दान देऊन टाकली. तवापासून दर माघ पौर्णिमेले तिथं गायनाची स्पर्धा राह्यते. त्याच्या नावानं. धा-बारा गावचे पोट्टे-पोट्ट्या येतात. तुमी पेपरात द्या ना कवातरी."

म्हणजे मधुकररावांनी ऐकलं ते खरंच होतं. मास्तरांनी देऊन टाकली. फक्त वाक्य अर्धं ऐकलं.

परतताना पवनारच्या पुढे रस्ता चुकलो. पवनार वाटेत लागतच नाही.

१६ जाने., शुक्र.

फिरायला गेलो नाही. सांत्वनपत्राचे सगळे मायने मला पाठ आहेत. खुद्द मृतालाच कळवायचं तर कसं, हे कुठल्याही गुरुजींनी शिकवलं नाही.

सौ.ला सांगितलं. ती हसली, मग हसायची थांबली. "जाऊन सांगा. वत्सलावहिनी घरी असतील तेव्हा सांगा."

१७ जाने., शनि.

सांगितलं. वत्सलावहिनी मटार सोलत होत्या. मधुकरराव खुर्चीत. मी आडवळणानं सुरुवात केली तेव्हा म्हणाले, "शास्त्री, समास नको सोडवू. सरळ बोल."

सरळ बोललो.

वहिनींनी हातातली शेंग खाली ठेवली. मग वहिनी : "मंजे इतके वर्सं मी कोनाच्या नावानं सैपाक करून राह्यली?"

मधुकरराव हसले नाहीत. जीप गेली हे खरं. हे आदल्या मुक्कामी तापानं फणफणून उतरले होते. दोन महिने जगदलपूरच्या दवाखान्यात. बरे होऊन रेल्वेनं येत होते. डब्यात दोन अनोळखी माणसं मास्तरांच्या पार्टीबद्दल बोलत होती. गिटार आता नसते, मास्तरांनी देऊन टाकली. "मले असा राग आला का वर्ध्याले उतरलोच नाई. भुसावळले गेलो, मायजवळ. मनलं, मी जगलो का मेलो ते बी इचारलं नाई, आन माही वस्तू वाटून मोकळा झाला."

मग उठून आत गेले. आतून आवाज : "किती गावं येतात मनला?"

"दहा-बारा."

थोड्या वेळानं पुन्हा बाहेर. "पोट्ट्या बी गातात?"

१८ जाने., रवि.

आम्ही तिघं, माझ्या गाडीतून. महामार्ग सोडून वडनेरपासून आत. गावाचं नाव लिहीत नाही. ही रोजनिशी सौ. वाचते आणि सौ.ला बहिणी चार.

ठरलं ते असं : मी स्पर्धेची बातमी करायला आलेला पत्रकार, सोबत शेजारी आणि त्यांच्या मंडळी. खोटं एकही नाही.

विहार नीटनेटका. बुद्धमूर्तीच्या डाव्या अंगाला काचेचं कपाट. आत गिटार.

निळी!

संपूर्ण, मानेपासून बुडापर्यंत, दारं-खिडक्यांना लावतात त्या तेलरंगानं निळी. बटणांच्या खाचांतही रंग. दोन तारा गायब. आणि पोटावर पांढऱ्या अक्षरांत, पंख्यावर आणि सतरंजीवर दात्याचं नाव घालतात तसं, सुबक : 'कालकथित मधुकर थूल यांच्या स्मरणार्थ सप्रेम दान'. एरवी मी 'कालकथित'वर पाच मिनिटं बोललो असतो, पालीतलं कालकत म्हणजे वारलेला वगैरे. आज नाही बोललो. शेजारी फोटो, तोच झिपऱ्या, हार घातलेला. हार ताजा होता.

समितीचा अध्यक्ष गौतम, पस्तिशीचा, हिंगणघाटला बँकेत. त्यानं माहिती दिली. मधुकरजी कसे अंगणात वाजवायला बसले की बैल चालायचे थांबत. मधुकरजी कधी कोणाला उलट बोलले नाहीत. (इथे वहिनींना खोकला आला.) "असा कलाकार पुन्हा होने नाई सर."

मधुकररावांनी कपाटाचं दार अर्धं उघडलं होतं. बोट तारेपर्यंत गेलं होतं.

"काका, हात नका लावू, प्लीज. स्मृतिचिन्ह हाये ते."

त्यांनी हात मागे घेतला. मी इतकी वर्षं लोकांना खुर्चीवरून उठवलेलं पाहतो आहे. असं पाहिलं नव्हतं.

मास्तरांच्या पत्नी इंदूबाई, ऐंशीच्या पुढच्या, विहाराच्या पायरीशी बसल्या होत्या. मास्तर जाऊन चार वर्षं झाली. चहा त्यांच्याकडे झाला. मधुकररावांना म्हणाल्या, "तुमी कोनाकडचे, भाऊ?" ते म्हणाले, "वर्ध्याचा." त्यांनी मान हलवली, बशी पुढे केली.

परतताना हिंगणघाट मागे पडलं. मग मागच्या सीटवरून : "मी त्याले शिव्या देत राह्यलो, शास्त्री. तो मले फुलं वाहात राह्यला."

आणि वर्धा जवळ आल्यावर : "मास्तर गेला तवा मी इथंच होतो. वर्ध्यात. कोनीतरी सांगतलं बी होतं. गेलो नाई."

२० जाने., मंगळ.

गाढवपणा. माझाच. काल पुणेकरांना निळ्या गिटारीचा फोटो पाठवला. सापडली हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. बातमीदाराची खाज म्हणायचं. मधुकररावांना 'पयले' सांगितलं होतं, म्हणून वाटलं अट संपली. गौतमचा नंबरही मीच दिला.

पुणेकर आनंदानं ओरडलेच. वरचा रंग उतरवता येतो, म्हणाले. उलट त्या रंगानं खालचा लाल टिकला असेल. "एक अक्षर शिल्लक ठेवणार नाही बघा!"



२१ जाने., बुध.

गौतमचा फोन. पुणेकरांनी त्याला सांगितलंय : गिटार द्या, विहाराला नवीन लाउडस्पीकरची सगळी व्यवस्था करून देतो.

"सर, आमाले असं देनं-घेनं कराचं नाई. पन आमचं मशीन खराब हाये. पोट्ट्या जीव तोडून गातात आन तिसऱ्या रांगेच्या मांगं फक्त खरखर जाते. मधुकरजी असते तं त्यायनं काय मनलं असतं?"

 मधुकरजी त्या वेळी समोरच्या ओट्यावर बसून संत्री सोलत होते.

"समितीत असं ठरलं का थूलायच्या घरचं कोनी भेटलं तं गिटारीचं त्यायनंच ठरवावं. पौर्णिमेच्या कार्यक्रमात साऱ्यायसमोर सांगावं. कोनी नाई आलं तं मंग पुन्याचे साहेब घेऊन जातीन. सर, तुमी पेपरवाले. घरचं कोनी शोधून द्या ना."

म्हणजे आधी गिटार शोधायला पुण्यानं सांगितलं. आता गिटारवाल्याचे नातेवाईक शोधायला गिटारीनं. पौर्णिमा एक तारखेला.

२२ जाने., गुरु.

मधुकररावांना सांगितलं, नंबर मी दिला हेही. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"जाऊन सांगून टाका," मी म्हटलं. "मी तोच. माझी वस्तू मला द्या."

"सांगतो. आन ते इचारतीन, इतके दिवस कुठं होते? काय सांगू? रुसलो होतो? त्या गावानं माह्यासाठी हार गुंफले, तवा मी बिलासपूरले बसून जिलेबी खात होतो?"

"मग राहू द्या तिथेच."

"राहू कसं देऊ! तो रंग खरवडून नेनार ना तिले."

मग म्हणाले, इतकं मोठं कोणी त्यांच्याबद्दल जिवंतपणी बोललं नव्हतं. खात्यात निरोपाच्या दिवशी साहेबांनी नावही चुकवलं होतं. "मले मेलेलं बरं जमलं, शास्त्री."

हे ते विनोदानं बोलले. मी विनोद म्हणूनच लिहून ठेवतो.

२६ जाने., सोम.

झेंडावंदनाच्या तीन बातम्या, तिन्ही गेल्या वर्षीच्या, पाहुणे बदलले.

वहिनी म्हणाल्या, जेवतानाही ताटाच्या कडेवर बोटं चालू असतात. काल नागपूरला एकटेच जाऊन आले. कशाला ते सांगत नाहीत. सदऱ्याच्या खिशात काहीतरी पाकीट आहे, झोपतानाही काढत नाहीत.

३१ जाने., शनि.

उद्या पौर्णिमा. मधुकररावांनी आज मला चार वेगवेगळे बेत सांगितले. एकात ते स्वतःचे धाकटे भाऊ. एकात चुलतभाऊ. एकात सगळं सांगून टाकतात. चौथ्यात येतच नाहीत.

वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उद्या तुमी तोंड उघडू नका. घरचं कोनी पायजे ना त्यायले? मी हाये की."

१ फेब्रुवारी, रवि.

मोठा मंडप. सतरंज्या भरलेल्या. मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही. पहिल्या रांगेत पुणेकर. पन्नाशीचे, सभ्य, मितभाषी. बाहेर त्यांच्या गाडीत लाउडस्पीकरची खोकी रचलेली. कार्यक्रमाआधी त्यांना कपाट उघडून दिलं गौतमनं. त्यांनी गिटार मागून जरा तिरपी केली, बुडाशी रंगाचा पापुद्रा सुटलेला होता तिथे अंगठा ठेवला. आत लाल. बराच वेळ अंगठा उचलला नाही. मला वाटलं होतं व्यापारी माणूस असेल. नव्हता. त्यामुळे आणखीच पंचाईत.

पोरी सुंदर गायल्या. तिसऱ्या रांगेमागे खरखर.

मग गौतम माइकवर. मधुकरजींची गिटार, पुण्याचे साहेब, नवं मशीन, सगळं सरळ सांगितलं. "कालकथित मधुकरजींच्या घरचं कोनी असन तं..."

वत्सलावहिनी उठल्या.

"मी त्यायची बायको."

 मग सगळे उभे राहिले. सगळे, पोरंसोरं, पुणेकरही. पाया पडू लागले लोक. कोणीतरी बाई डोळे पुसत म्हणाली, कसे दिवस काढले असतीन माउलीनं. वहिनींनी शेजारी बसलेल्या त्या 'दिवसां'कडे एकदा पाहिलं आणि माइक घेतला.

"गिटार नेऊ देनार नाई. रंगबी काढू देनार नाई. इथंच राहू द्या. फक्त कपाटाले कुलूप नका लावू. वाजवाची वस्तू हाये, वाजली पायजे."

"ताई, वाजवाले कोनाले येते इथं?" गौतम म्हणाला. "घरात कोनी वाजवते का?"

"हे वाजवतात." बोट मधुकररावांकडे. "घरचेच हायेत."

लोकांनी दीर समजून नमस्कार केला.

ते गेले. गिटार हातात घेतली. खिशातून पाकीट काढलं, तारा होत्या. वाकून, नाकावरचा चष्मा सावरत, दोन तारा चढवल्या. भोंग्याच्या मशीनला वायर लावली. मग वाजवली, मास्तरांची एक चाल. दोनदा अडले. दांड्यावर हात गेला तेव्हा आवाज असा थरथरला की माझ्या पुढची एक म्हातारी बाई मागे वळून पाहू लागली, कोण आलं म्हणून. तिसऱ्यांदा अडले तेव्हा थांबलेच.

टाळ्या झाल्या. बऱ्यापैकी.

गौतमनं मनापासून हात हातात घेतला. "छान वाजवलं काका. सराव ठेवा. पन खरं सांगू? आमच्या मधुकरजींची बात येगळी होती."

"असन," मधुकरराव म्हणाले.

पुणेकर जाताना म्हणाले, मशीन ठेवून जातो. बदल्यात काही नको. गौतम नाही म्हणाला, ते हो म्हणाले. वाद अजून चालू असेल.

निघताना विहाराच्या पायरीवर इंदूबाई. मधुकरराव चपला घालत होते.

"आजूनई तोंड भाईर करूनच चपला काढतो तू," त्या म्हणाल्या. "घरात शिरतानाच निघाची तयारी. चहाले आलता तवाच पाह्यलं मी, मधू."

मधुकरराव पायरीवर बसलेच. इंदूबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

"उठ. लोक पाह्यतीन." मग हळू, मला जेमतेम ऐकू येईल असं : "मास्तर शेवटपर्यंत मनत होते, मधू असता तं ही अर्धी राह्यलेली चाल बसवून देल्ली असती. आता तू हाये. सांगशीन साऱ्यायले तं गिटार तुही, घेऊन जा, तुह्या बायकोलेबी समजावीन मी. कोनी अडवनार नाई. पन मंग ह्या पोट्ट्या कोनाच्या नावानं गातीन, ते तूच पाह्य. मी काई बोलनार नाई."

४ फेब्रु., बुध.

सकाळी मैदानावर. तिसऱ्या फेरीत मधुकररावांनी विचारलं, मृत माणसाला त्याच्याच स्मृतिदिनाला वाजवायची मुभा आहे का तुमच्या शास्त्रात? मी म्हटलं, शास्त्रात तो प्रश्न कोणी विचारलेला नाही.

"मंग कोन इचारनार? मलेच इचारा लागन."

रोज अर्धा तास वहिनींच्या लाटण्यावर बोटं फिरवतात म्हणे. पोळ्या उशिरा होतात.

७ फेब्रु., शनि.

मधुकरराव चहाला आले होते. तेवढ्यात माझ्या फोनवर गौतम.

पहिल्या तीन आलेल्या पोरींचा कार्यक्रम पुढच्या रविवारी हिंगणघाटला. नवं मशीन, आणि गिटारही नेणार. "त्या काकायनंच वाजवावं असं इंदूआजीचं मननं हाये. मास्तरची राह्यलेली चाल बसवून द्यावी मनते. सर, फ्लेक्सवर वाजवनाऱ्याचं नाव टाकाचं हाये. काकायचं नाव काय? फ्लेक्सवाला समोर बसला हाये, टाइप करून राह्यला."

मी म्हटलं, इथेच आहेत, त्यांनाच विचार. आणि फोन दिला.

ते फोन घेऊन अंगणात गेले आहेत. मी हे खिडकीशी बसून लिहितोय. चेहरा दिसत नाही, पाठ दिसते. उजव्या हातात कानाशी फोन. डावा हात फाटकाच्या आडव्या गजावर. बोटं गजावरून वर सरकतात, अडतात, मागे येतात, त्याच जागेवरून पुन्हा निघतात. गौतमचं "हॅलो... काका, हॅलो..." इथपर्यंत ऐकू येतंय.